साल्वे रेजिना, ढोलकीशिवाय

११ फेब्रुवारी, रविवार

चर्चमध्ये मिस्सा संपल्यावर फादर सिप्रियान यांनी हाक मारली. वाटलं, काल कन्फेशनमध्ये कबूल केलेल्या पापांबद्दल असणार. (मी दर शनिवारी जातो आणि दर शनिवारी फादर सुस्कारा टाकतात.) तसं नव्हतं. मे अखेरीस ते रिटायर होऊन गोव्याला, वयस्कर फादर लोकांच्या घरी राहायला जाणार आहेत. तीस वर्षं इथे कोल्हापुरात काढली. म्हणाले, एकच इच्छा आहे रे. जाण्याआधी एकदा 'साल्वे रेजिना' लॅटिनमध्ये ऐकायचंय. फादर व्हायला शिकत होतो तेव्हा सेमिनरीत रोज रात्री दिवे मालवायच्या आधी आम्ही आई मारियासाठी म्हणायचो. साठ वर्षं झाली, कानावर पडलं नाही. तू क्वायरचा मास्तर, जमतंय का बघ.

मी तत्काळ हो म्हणालो. नंतर घरी येऊन विचार केला, हे 'हो' प्रेमापोटी होतं की मिरवायला? जास्त भाग प्रेम धरायला हरकत नाही.

बायकोला, निशिगंधाला, सांगितलं. ती म्हणाली, एकच गाणं ना? मग एकच करा.

१३ फेब्रुवारी

वारणानगरच्या एसटीत इअरफोन घालून ग्रेगोरियन चँट ऐकत गेलो. (तिथल्या एका ज्युनिअर कॉलेजात मी बुक-कीपिंग शिकवतो. जाता-येता अभ्यासाला भरपूर वेळ.)

थक्क झालो. ताल नाही. साथ नाही. हार्मोनियम नाही, गिटार नाही. सगळे मिळून एकच सूर म्हणतात. वर-खाली दुसरा सूर लावून कोणी शहाणपणा करत नाही. शब्द चालेल तसा सूर चालतो, मात्रा मोजायच्याच नाहीत. एखाद्या अक्षरावर मात्र दहा-बारा सूर फिरून येतात आणि अक्षर बिचारं तिथंच उभं असतं. लिहायची पद्धतही वेगळी. नेहमीच्या पाश्चात्त्य नोटेशनमधल्या पाचऐवजी चार रेघा आणि त्यांवर काळे चौकोन. लांबून तारेवर साळुंक्या बसल्यासारखं दिसतं.

इतकी शुद्ध गोष्ट जगात असताना आपण रविवारी काय म्हणतो? मेंढपाळाचं गाणं. ढोलकीवर. शेवटच्या कडव्याला टाळ्या.

निश्चय: फक्त साल्वे रेजिना करणं म्हणजे फादरांची बोळवण करणं. किरिये, सांक्तुस, आन्युस देई, मिस्सात म्हणायचं सगळंच बसवायचं. पूर्ण लॅटिन मिस्सा. साडेतीन महिने हातात आहेत.

उद्या राखेचा बुधवार, प्रायश्चित्तकाळ सुरू. या काळात वाद्यं कमी ठेवावीत असा नियमच आहे. म्हणजे ढोलकी आपोआप बंद. सयाजीला वेगळं काही सांगावं लागणार नाही. (याला श्रद्धा म्हणायचं की सोय? शनिवारी फादरांना विचारणे.)

१८ फेब्रुवारी, रविवार

पहिली प्रॅक्टिस. हजर: धोंडुबाई, विजयसिंह, सयाजी, निशिगंधा आणि मागच्या बाकावरच्या चार बायका, ज्यांचा आवाज अजून कोणी वेगळा ऐकलेला नाही.

धोंडुबाई म्हणजे क्वायरचा मुख्य आवाज. जन्मभर बाळंतपणाच्या दवाखान्यात आया होत्या. पॅरिशमधली निम्मी मंडळी त्यांच्या हातात जन्मली, मीसुद्धा. त्यामुळे त्या मला सगळ्यांसमोर बाळ म्हणतात. विजयसिंह केएमटीच्या सिटी बसवर ड्रायव्हर, आवाज खर्जातला. सयाजीचं उद्यमनगरात मोटर रिवाइंडिंगचं दुकान. वीस वर्षं क्वायरमध्ये ढोलकी.

मी आधी चँटचा इतिहास सांगितला. मग डोळे मिटून पहिली ओळ म्हणून दाखवली. शांतता पसरली. परिणाम झाला असं वाटलं. तेवढ्यात विजयसिंह म्हणाला, सर, सुरू कधी करताय?

सयाजीनं विचारलं, मी काय करायचं? मी सांगितलं, या संगीतात ताल नसतो. तो म्हणाला, आजिबात? मी म्हणालो, अजिबात. तो म्हणाला, मग हे चालतंय कशावर? मी म्हणालो, श्वासावर. त्यानं मांडीवरच्या ढोलकीकडं बघितलं. म्हणाला, श्वास आमी बी घेतोय की सर, पर त्यासाठनं हिला गप बसवत न्हाई.

निघताना धोंडुबाई म्हणाल्या, गाणं चांगलं हाय रे बाळ. कुठनं सुरू झालं ते कळतंय. कुठं संपलं तेवढं कळंना.

एकंदरीत उत्साहवर्धक.

२५ फेब्रुवारी

नवीन अडचण. चँटमध्ये ओळ एकदाच म्हणायची असते. आमच्या मंडळींना ओळ एकदा म्हणून सोडता येत नाही. भजनाची सवय: पुढच्यानं म्हणायची, मागच्यांनी झेलायची, मग सगळ्यांनी मिळून दोनदा, मग दुसरी ओळ. मी 'साल्वे रेजिना' म्हणून श्वास घेतो, तेवढ्यात मागून 'साल्वे रेजिना' येतं. मी 'मातेर'वर पोचतो तेव्हा ते दुसऱ्यांदा 'साल्वे'वर असतात. थांबा म्हणून हात केला. त्यांना वाटलं, वर घ्या. वर घेतलं.

धोंडुबाईंना बाजूला बसवून समजावलं की ही प्रार्थना आहे, एकदा म्हटली की पोचते. त्या म्हणाल्या, देवाच्या आईला एकदाच सांगायचं व्हय रे बाळ? आमचं मालक तीनदा हाक मारल्याबिगर उठत न्हवतं.

मुद्दा चुकीचा आहे हे मला माहीत आहे. त्या क्षणी उत्तर सुचलं नाही. घरी आल्यावर सुचलं, पण तेही विशेष नव्हतं.

२ मार्च, शनिवार

आठवडाभर घरी रियाज. आज दुपारी खालच्या मजल्यावरच्या कालिंदीवहिनी डबा घेऊन आल्या. पिठलं-भाकरी. निशिगंधाच्या हातात दिला, डोळ्यांना पदर लावला आणि विचारलं, कोण गेलं हो? आम्ही रोज ऐकतोय. सरांना फारच लागलेलं दिसतंय.

निशिगंधा म्हणाली, गेलं कुणी नाही, यांचं गाणं चाललंय. वहिनींनी पदर खाली घेतला. मग म्हणाल्या, असू दे. दुखवट्याचा डबा परत नेत नसतात.

खाल्लं. चांगलं होतं. पण खोट्या दुःखावर मिळालेलं. तडक कन्फेशनला गेलो. फादरांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, पिठल्यात लसूण होता? मी म्हणालो, होता. फादर म्हणाले, मग प्रायश्चित्त हेच, की डबा रिकामा परत करायचा नाही. नंतर म्हणाले, साल्वे रेजिना कुठवर आलं? मी सांगितलं, सध्या किरिये चालू आहे. त्यांनी सुस्कारा टाकला. म्हणाले, किरिये मी मागितलं नव्हतं रे.

शिवाय किरिये हे लॅटिन नसून ग्रीक आहे, असं काल वाचनात आलं. क्वायरला लॅटिन म्हणून शिकवून बसलोय. सांगितलं तर त्यांचा विश्वास जाईल, न सांगितलं तर खोटेपणा. मधला मार्ग म्हणून निशिगंधाला सांगितलं. ती म्हणाली, बरं.

१० मार्च

आज श्वास. लांब ओळीत सगळ्यांनी एकदम श्वास घ्यायचा नाही. एकानं घ्यावा, बाकीच्यांनी सूर धरून ठेवावा, म्हणजे ओळ कुठेच तुटत नाही. नीट समजावलं. परिणाम असा झाला की प्रत्येक जण शेजारच्याच्या श्वासाची वाट बघत राहिला. विजयसिंहाचा चेहरा लाल. शेवटी तो धापा टाकत म्हणाला, सर, सिग्नलला सुद्धा एवढं थांबत न्हाई मी.

आज सांक्तुस आणि आन्युस देई घ्यायचे होते. राहिले.

१७ मार्च

सयाजीला नुसतं बसवून ठेवणं मनाला पटेना, म्हणून माझी पानं उलटायचं काम दिलं. तो पान उलटण्याआधी मांडीवर दोन थापा मारतो. नको म्हणालो. मग मान हलवायला लागला. मानही नको म्हणालो. मग डोळे मिटून बसला. पण त्याच्या पायातली चप्पल फरशीवर वाजत होती. आणि आश्चर्य म्हणजे मागच्या बाकावरच्या बायका आज पहिल्यांदाच सगळ्या एकदम सुरू झाल्या आणि एकदम थांबल्या. मी त्याला चप्पल काढायला लावली. त्यानंतर गाणं पुन्हा मोकळं झालं, चँटला हवं तसं. इतकं मोकळं, की शेवटच्या ओळीला कोण कुठं होतं ते सांगता येणार नाही.

७ एप्रिल

ईस्टर झाला. प्रायश्चित्तकाळ संपला, आता ढोलकी परत येणार, असं सयाजीनं गृहीत धरलं होतं. दोऱ्या ओढून, पुसून, नव्या पिशवीत घालून आणली. मी सांगितलं, फादरांच्या निरोपापर्यंत नको. तो चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं. म्हणाला, मेंढपाळाच्या गाण्याला बी न्हाई? मी म्हणालो, कान बिघडतात. तो म्हणाला, कुणाचं? त्यानं ढोलकी पिशवीत घातली आणि गेला.

विजयसिंहाकडून कळलं की तो त्याच्या गल्लीतल्या भजनी मंडळात बसायला लागलाय. त्यांना ढोलकीवाला हवाच होता.

मी कठोर वागलो का? तत्त्व म्हणून बरोबर वागलो. पण दुपारी जेवण गेलं नाही.

मागच्या बाकावरच्या बायकाही आल्या नाहीत. त्या चौघी सयाजीच्या नात्यातल्या, हे मला आज समजलं.

१४ एप्रिल

फादरांच्या निरोपाचा समारंभ १२ मे रोजी ठरला. घोटाळा! साल्वे रेजिना ईस्टरचा काळ संपवणाऱ्या पेन्टेकॉस्टच्या सणानंतर म्हणायचं असतं, ईस्टरच्या काळात आई मारियाचं दुसरं गीत. पेन्टेकॉस्ट १९ मे. लगेच फादरांकडं जाऊन सांगितलं की समारंभ पुढे ढकलावा लागेल. फादर म्हणाले, अरे, बारा मेला म्हटलंस तर आई मारिया काय पाठ फिरवून बसणार आहे? मी म्हणालो, नियम आहे. फादर म्हणाले, नियम मलाही ठाऊक आहे, मी त्यावर परीक्षा दिलीय. मी गप्प उभा राहिलो. मला गप्प उभं राहता येतं हे त्यांना माहीत आहे. शेवटी त्यांनी कॅलेंडर काढलं आणि २६ मेभोवती गोल केला.

त्यांचं गोव्याचं तिकीट २७ मेचं आहे. म्हणजे आता एकच दिवस, एकच संधी. नियम मात्र पाळला गेला.

२१ एप्रिल

आता आम्ही चार: मी, निशिगंधा, धोंडुबाई, विजयसिंह. लहान गट चँटला जास्त योग्य, असं बऱ्याच ठिकाणी म्हटलंय.

एकच त्रास. ओळ संपेपर्यंत हे तिघंही वर चढतात. मी शेवटच्या सुरावर येतो तेव्हा तिघं माझ्यापेक्षा अर्ध्या सुरानं वर. तिघं नेमके एकाच जागी कसे चढतात, हे गूढ आहे. त्यांना सांभाळायला म्हणून मोबाइलवर तानपुऱ्याचं अ‍ॅप घेतलं. (तानपुरा ही साथ होते का? चँटला साथ चालत नाही. बराच विचार केला. साथ नव्हे, आधार.) घरी एकट्यानं लावून पाहिलं. अ‍ॅपही वर चढतं. तशी तक्रार लिहून एक स्टार दिला.

५ मे

पॅरिश कौन्सिलची मीटिंग. पूर्ण लॅटिन मिस्साचा प्रस्ताव मांडला. चर्चा झालीच नाही म्हटलं तरी चालेल. अध्यक्ष अस्मिताताई म्हणाल्या, सर, फादरांच्या शेवटच्या मिस्साला लोकांना गाता आलं पाहिजे. सगळे हो हो म्हणाले. मिस्सा मराठीतच. मात्र संध्याकाळी शाळेच्या मैदानावर सत्कार आहे, तिथं सुरुवातीला लॅटिनची दोन गाणी घ्यायला हरकत नाही.

एका अर्थी बरंच झालं. सांक्तुस आणि आन्युस देई अजून सुरूच केलेले नाहीत.

किरिये आणि मग साल्वे रेजिना असा क्रम ठरवला. निशिगंधा म्हणाली, पहिलं साल्वे रेजिनाच म्हणा, फादरांना तेच हवंय, मग वेळ उरला तर काय ते. मी म्हणालो, देवाची दया मागितल्याशिवाय एकदम आईकडं जाणं क्रमाला धरून नाही. तिनं भाजी निवडायला घेतली.

१२ मे

मूळ ठरल्याप्रमाणे आज समारंभ झाला असता. झाला नाही हे चांगलंच, कारण आज मोठा शोध लागला. चँटचे आठ मोड असतात, आपल्या थाटांसारखे. आमचं किरिये तिसऱ्या मोडमधलं. तानपुरा लावून म्हटलं आणि अंगावर काटा आला: ही तर भैरवी! रे, ग, ध, नी सगळे कोमल. तिकडचे मठातले साधू आणि इकडचे गवई एकमेकांना न भेटता एकाच जागी पोचले.

सत्काराला फादरांच्या शाळेतले जुने विद्यार्थी येणार, म्हणजे निम्मं गाव. त्यांत गाणं कळणारे पुष्कळ. त्यांना हे संगीत परकं वाटणार नाही. निशिगंधानं विचारलं, पण लोकांना ती खरंच भैरवी वाटली तर? मी म्हणालो, वाटावीच!

२५ मे, शनिवार

आज कन्फेशन नाही. फादर सामान बांधत होते. दारातूनच विचारलं, काही मदत? ते म्हणाले, उद्या ते ऐकव म्हणजे झालं. बाकी पेटी भरलीय.

घसा ठीक. मन शांत. अ‍ॅप अजून तसंच, पण आता सवय झाली.

२७ मे, सोमवार

काल लिहायला जमलं नाही. आज क्रमानं लिहितो, म्हणजे चूक कुठं झाली ते तरी कळेल.

सत्कार संध्याकाळी सहाचा. प्रमुख पाहुण्यांना उशीर झाला, म्हणून आमचं सुरुवातीचं लॅटिन ते आल्यावर घेऊ असं ठरलं. ते आले, तर त्यांना पुढं हातकणंगल्याला लग्नाला जायचं होतं, म्हणून त्यांचं भाषण आधी. त्यांच्या मागोमाग माजी विद्यार्थी उठले. गारगोटीहून आलेल्या एका पैलवानानं फादरांनी त्याला कशाकशासाठी छड्या मारल्या ते एकेक करून सांगितलं आणि प्रत्येक छडीला मैदानानं टाळ्या वाजवल्या. तोवर मंडपामागून रश्श्याचा वास सुटला होता. मग निवेदक म्हणाला, आता शेवटी आपल्या चर्चची क्वायर. तो 'शेवटी' म्हणाला. माझ्या ते लक्षात आलं, पण मी हरकत घेतली नाही.

आम्ही चौघं उभे राहिलो. तानपुरा माइकपाशी ठेवला. किरिये सुरू केलं. खरं सांगतो, इतकं चांगलं कधीच लागलं नव्हतं. मैदान शांत झालं. पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांनी डोळे मिटले. किरियेत प्रत्येक ओळ तीनदा असते, म्हणून धोंडुबाई खुशीत. शेवटचं 'एलेइसोन' हळूहळू उतरत येऊन षड्जावर थांबलं.

आणि सगळे उठले.

आधी वाटलं, आदरानं उठले. मग पुढच्या रांगेतले एक गृहस्थ शेजाऱ्याला म्हणाले, भैरवी काय लागली राव! चला. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. भैरवी झाली की मैफल संपली, हे या गावात कुणाला सांगावं लागत नाही. खुर्च्या सरकल्या. मंडपवाल्यानं मागच्या रांगा दुमडायला घेतल्या. साउंडवाला माझ्यासमोरचा माइक उचलताना म्हणाला, नाद खुळा सर. मी ओरडलो, बसा, अजून एक आहे! विजयसिंहही ओरडला. कोणीतरी वळून म्हणालं, व्हय व्हय, जेवूनच जातोय.

मी फादरांकडं पाहिलं. म्हटलं, निदान ते तरी बसले असतील. ते उभे होते. हात जोडून, सगळ्या मैदानाला नमस्कार करत. तीस वर्षं कोल्हापुरात काढलेला माणूस भैरवीनंतर बसून राहत नाही. मग हार पडले, शाली पडल्या, आणि विद्यार्थी त्यांना पंगतीकडं घेऊन गेले.

पंगतीत त्यांच्याजवळ जाता येईना. मला पाहून त्यांनी लांबूनच मोठ्यानं सांगितलं, गोड झालं रे! मग जरा थांबून म्हणाले, ते राहिलं का? मी म्हणालो, राहिलं. त्यांना पुढं काहीतरी बोलायचं होतं, पण कुणीतरी पांढरा रस्सा वाढला.

आज सकाळी स्टँडवर गेलो. ठरवलं होतं, एकट्यानं म्हणायचं, बसच्या खिडकीशी. फादर खिडकीत बसले होते. त्यांनी ओळखलं असावं, कारण काच पूर्ण उघडली आणि कान बाहेर केला. मी षड्ज घेण्यासाठी मोबाइल काढला. चार्जिंग संपलं होतं. सूर न घेता सुरुवात करणं प्रामाणिकपणाचं वाटेना. अंदाजानं घ्यावा का, याचा विचार करत होतो, तोवर गाडी हलली. फादरांनी हात केला. मीही केला.

९ जून

मार्ग निघाला. साल्वे रेजिना एकट्यानं रेकॉर्ड केलं, बाथरूममध्ये, कारण तिथं घुमतं. तानपुऱ्याशिवाय केलं, त्यामुळे कोणी वर चढण्याचा प्रश्न आला नाही. फादरांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं. दोन निळ्या खुणा लगेच आल्या.

१२ जून

उत्तर नाही. भारावले असतील.

१६ जून, रविवार

फादरांचा व्हॉइस मेसेज आला. शब्दशः उतरवून ठेवतो, कारण त्यातून दुसरा काही अर्थ निघतो का ते मला बघायचंय.

"मिळालं रे. देव बरें करूं. ऐकलं, पूर्ण ऐकलं. पण एक गंमत सांगू? या घरात रोज रात्री जेवणानंतर साल्वे रेजिना म्हणतात. लॅटिनमध्ये! मला ठाऊकच नव्हतं. आम्ही बारा म्हातारे, बारा वेगांत. फादर रोमाल्डो मध्येच झोपतात आणि शेवटच्या ओळीला जागे होऊन पहिल्यापासून धरतात. पहिल्या रात्री मी रडलो. आता बास झालं, रोजचंच झालं. तू माझं एक काम कर. धोंडुबाईचं ते मेंढपाळाचं गाणं पाठव, सयाजीच्या ढोलकीसकट. इथं ते कुणाला येत नाही. संध्याकाळी फार सुनं वाटतं रे."

दोनदा वाचलं. दुसरा अर्थ निघत नाही.

२२ जून, शनिवार

आठवडाभर टाळून आज उद्यमनगरात गेलो. सयाजीनं उघड्या मोटरवरून मान वर केली आणि म्हणाला, या पावणं, काय जळालंय? वीस वर्षं मला सर म्हणणारा माणूस. मी म्हणालो, क्वायरचं काम आहे. तो म्हणाला, चप्पल काढून येऊ का घालून?

बोलायचं ठरवून गेलो होतो, त्यातलं काही आठवेना. नुसता फादरांचा मेसेज लावला. ढोलकीचा उल्लेख आला तसं त्यानं हातातली तार खाली ठेवली. म्हणाला, परत लावा. परत लावला. दुकानात गिऱ्हाईक उभं होतं, त्याला म्हणाला, थांबा जरा, गोव्यासनं बोलावणं आलंय. मग मला म्हणाला, उद्या मिस्सा झाल्यावर येतो. बायकांस्नी बी घेऊन येतो. पर सर, राग नका मानू, तुमी तेवढं गाऊ नका. वरनं खाली येतासा आन् आमाला बी खाली वढतासा.

म्हणजे मी खाली येतो. ते वर चढत नव्हते. घरी येईपर्यंत यावर विचार केला. निशिगंधाला विचारलं, तुला हे माहीत होतं का? ती म्हणाली, अहो, कालिंदीवहिनींना सुद्धा माहीत आहे.

अ‍ॅपवरची तक्रार काढून टाकली. तारे पाच केले.

२३ जून, रविवार

मिस्सानंतर रेकॉर्डिंग. सगळे आले. मागच्या बाकावरच्या चौघी आज पुढं बसल्या. मेंढपाळाचं गाणं, सगळ्या कडव्यांसकट, प्रत्येक ओळ पुन्हा पुन्हा. सयाजीनं ढोलकीवर पहिली थाप मारली तशी धोंडुबाईंनी मान ताठ केली. मला म्हणाल्या, तू फोन धर रे बाळ. मी खांबाजवळ उभा राहून धरला. गायलो नाही. शेवटच्या कडव्याला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या, पण हात मोकळे नव्हते.

संध्याकाळी फादरांचं उत्तर आलं. त्या घरातल्या सगळ्यांनी जेवणाआधी एकदा आणि जेवणानंतर एकदा ऐकलं म्हणे, आणि फादर रोमाल्डो शेवटपर्यंत जागे राहिले. धोंडुबाई, सयाजी, विजयसिंह, निशिगंधा, त्या चौघी, सगळ्यांचं नावानिशी कौतुक. त्या चौघींची नावं मला आज कळली. माझं नाव शेवटी होतं. म्हणाले, आणि तुझंही सांगतो, फोन जरासुद्धा हलला नाही.

निशिगंधाला ऐकवलं. ती म्हणाली, मग हात दुखत असेल. दुखत होता.